टायगर बार्ब आणि त्याचे भाऊबंद: घरच्या टँकमध्ये कसे ठेवायचे

टायगर बार्ब दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो ही तक्रार खरी आहे. पण ती ऐकली की आधी दोन प्रश्न विचारावेत: टँक किती लांब आहे आणि त्यात बार्ब किती आहेत? उत्तर बहुतेक वेळा 'दोन फूट' आणि 'तीन-चार' असं येतं. बार्ब हा थव्याने राहणारा, उजेड असेपर्यंत सतत फिरणारा मासा. थव्यात मान-पान ठरवण्यासाठी त्यांची रोज झटापट चालते, नर एकमेकांना आडवे येतात, पर ताणून दाखवतात, थोडा पाठलाग होतो. दहा-बारा जण असले की ही मस्ती आपसात वाटली जाते आणि कुणालाच फारशी इजा होत नाही. तीनच असले तर एक दादागिरी करतो, दुसरा मार खातो आणि तिसरा शेजारच्या एंजलफिशच्या लांब परांकडे वळतो. टँक, फिल्टर आणि सोबती निवडताना हा स्वभाव डोक्यात ठेवला की पुढची निम्मी डोकेदुखी टळते.

कोणता बार्ब

जुन्या पुस्तकांत हे सगळे पुंटिअस किंवा बार्बस या नावाखाली सापडतात. २०१२-१३ मध्ये त्यांची बरीच फेरवाटणी झाली, त्यामुळे टायगर बार्ब आता पुंटिग्रस, रोझी बार्ब पेथिया आणि डेनिसन बार्ब सह्याद्रिया या प्रजातींत आहे. पाळणाऱ्याला यापेक्षा महत्त्वाच्या गोष्टी दोन: मोठेपणीचं माप आणि लागणारं तापमान.

टायगर बार्ब ६ ते ७ सेंटीमीटर होतो आणि २३ ते २६ अंशांत खूश असतो. हिरवा 'मॉस' आणि फिकट अल्बिनो हे त्याचेच प्रकार आहेत. ते एकाच थव्यात मिसळतात, त्यामुळे मोजताना सगळे एकत्र धरायचे. श्रीलंकेचा चेरी बार्ब ५ सेंटीमीटरचा आणि या घराण्यातला सगळ्यात शांत. दोन फुटी टँकच असेल तर टायगरचा हट्ट सोडून आठ-दहा चेरी ठेवावेत, त्यातही एका नरामागे दोन माद्या. ब्लॅक रुबीही श्रीलंकेचाच. दुकानातल्या भगभगीत उजेडात तो अगदी सामान्य दिसतो. गडद तळ आणि दाट झाडी मिळाली की नराचं डोकं आणि छाती लाल होते.

रोझी बार्ब आणि गोल्ड बार्ब थंड पाण्याकडे झुकणारे, १८ ते २४ अंश त्यांना पुरे. त्यांना कायम २७-२८ अंशांत ठेवलं तर ते जगतात, पण लवकर थकतात. टायगरबरोबर ठेवायचे असतील तर २३ अंशांवर दोघांचं जमतं.

डेनिसन बार्ब दिसायला देखणा, पण ११ ते १५ सेंटीमीटर वाढतो आणि वेगवान प्रवाहातला आहे. त्याला किमान चार फुटी, अडीचशे लिटरच्या आसपासचा टँक आणि भरपूर प्राणवायू लागतो. मूळचा तो फक्त पश्चिम घाटातल्या, केरळ आणि कर्नाटकातल्या नद्यांचा, आणि निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत धोक्यात आलेला. म्हणून घ्यायचाच तर पैदास केंद्रातलाच घ्यावा. टिनफॉइल बार्ब मात्र घेऊच नये. दुकानात ५ सेंटीमीटरचा चंदेरी तुकडा दिसतो आणि पुढे तो ३० सेंटीमीटरच्या वर जातो.

टँक: उंचीपेक्षा लांबी

बार्बला आडवं पोहायला जागा हवी. त्यामुळे तेवढ्याच पाण्याचा उंच टँक त्याच्या कामाचा नाही. टायगरसाठी ९० × ४० × ४० सेंटीमीटर हे चांगलं माप. सेंटीमीटरमधली तिन्ही मापं गुणून हजाराने भागली की लिटर मिळतात, म्हणजे इथे १४४. वरची ४ सेंटीमीटर रिकामी जागा आणि तळाच्या खडीने अडवलेली जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी साधारण १२० लिटर उरतं. औषध, मीठ, क्लोरीन काढायचं द्रावण, सगळ्याचा हिशेब या १२० वर करायचा, डब्यावर छापलेल्या आकड्यावर नाही.

भरलेल्या अशा टँकचं वजन काच, खडी धरून दोनशे किलोच्या घरात जातं. स्टँड चारही पायांवर सपाट टेकलेला हवा. पाण्याच्या पातळीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरक दिसत असेल तर टँक रिकामा करून स्टँड सरळ करावा. भरलेल्या टँकखाली पाचर ठोकणं म्हणजे काचेच्या जोडावर ताण देणं. तळ उघड्या काचेचा असेल तर खाली फोमची शीट हवीच.

झाकण विसरू नये. पाठलाग जोरात आला की बार्ब पाण्याबाहेर उडी मारतो, आणि नळीसाठी ठेवलेल्या दोन बोटांच्या फटीतूनही बरोबर बाहेर पडतो. त्या फटीत स्पंज किंवा जाळी बसवावी.

तळाला २ ते ३ मिलिमीटरची गोल, गडद खडी ४ सेंटीमीटर जाडीची पसरायची. या मापाला ती सुमारे २३ किलो लागते. बार्ब तळ चाचपत खातो, म्हणून धारदार कडांची खडी नको. काही दगड आणि समुद्री शिंपले पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त करतात. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फेस आला तर तो टँकमध्ये घालू नये.

मांडणी करताना मधली आणि पुढची जागा मोकळी सोडायची, झाडं आणि लाकूड मागे व दोन्ही बाजूंना. मार खाणाऱ्या माशाला नजरेआड होता येईल असे दोन-तीन आडोसे असले की पाठलाग आपोआप तुटतो. रोझी बार्ब कोवळी पानं खातो, त्यामुळे पातळ, मऊ पानांची झाडं त्याच्यासमोर टिकत नाहीत. अनुबियास, जावा फर्न आणि व्हॅलिस्नेरिया टिकतात. पहिल्या दोघांचा आडवा जाड देठ खडीत पुरायचा नाही, तो कुजतो. लाकडाला दोऱ्याने बांधायचा.

फिल्टर, प्रवाह, हीटर

सतत पोहणारा मासा जास्त खातो आणि जास्त घाणही करतो. फिल्टरची ताकद ताशी टँकच्या पाण्याच्या सहापट तरी हवी, म्हणजे १२० लिटरला ७०० ते ८०० लिटर. खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज आणि सिरॅमिक रिंग भरल्या, त्यांत गाळ साठला की तो बराच खाली येतो, त्यामुळे थोडा मोठाच घ्यावा. फिल्टरचं तोंड टँकच्या लांबीच्या दिशेने, पृष्ठभागाच्या जरा खाली ठेवायचं. असं केलं की वरचं पाणी हलतं, प्राणवायू विरघळतो आणि बार्बना प्रवाहाविरुद्ध पोहायला काम मिळतं. पण एक कोपरा शांत राहू द्यावा, रात्री ते तिथे थांबतात.

खोली २२ अंशांखाली जात असेल तर हीटर लागतो, साधारण एका लिटरला एक वॅट या हिशेबाने. तो फिल्टरच्या प्रवाहात बसवावा, नाहीतर एक टोक गरम आणि दुसरं गार राहतं. पाणी काढण्याआधी प्लग काढून १५ मिनिटं थांबायचं. तापलेली काच हवेत उघडी पडली की तडकते. सगळ्या वायरी सॉकेटच्या खालून झोळ देऊन वर न्याव्यात. वायरवरून ओघळलेलं पाणी मग झोळाच्या तळाशी गळतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. २० अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच, आणि नेमकी तेव्हाच माशांची गरज वाढलेली असते. झाकणाऐवजी जाळी टाकून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर पाणी २-३ अंश उतरतं. उडालेलं पाणी रोज भरावं लागतं.

मासे आणण्याआधीचे सहा आठवडे

बार्ब 'काटक' म्हणून नवीन टँकमध्ये पहिल्याच दिवशी सोडण्याची पद्धत आहे. मासा तगला तरी त्याचे कल्ले घाणीतून सुटणाऱ्या अमोनियाने भाजून निघतात. बरं, बार्बच्या बाबतीत यात आणखी एक अडचण आहे. अमोनिया संपवणारे फिल्टरमधले जिवाणू कमी असताना मासे दोन-तीन करत सोडावे लागतात, आणि दोन-तीनचा गट म्हणजेच वर सांगितलेली दादागिरी. आधीचे आपला इलाका ठरवून बसतात आणि मागून येणाऱ्यांना झोडपतात. संपूर्ण थवा एकदम सोडता यावा यासाठी टँक माशांविना आधी तयार करायचा.

त्यासाठी पाणी भरून, क्लोरीन काढून, फिल्टर चालू ठेवून त्यात शुद्ध अमोनियम क्लोराइड घालायचं. १२० लिटरला पाऊण ग्रॅम घातलं की अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरला २ मिलिग्रॅमच्या) आसपास येतो. घर पुसायचा सुगंधी अमोनिया चालत नाही, त्यात साबण असतो. दर दोन दिवसांनी थेंबांच्या किटने चाचणी घ्यावी. आधी अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं, मग नायट्राइट उतरून नायट्रेट वाढतं. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच डोस. पूर्ण डोस २४ तासांत संपून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की टँक तयार. याला चार ते सहा आठवडे जातात. चालू टँकमधला जुना स्पंज मिळाला तर बरेच कमी, मात्र तो टँक निरोगी हवा.

मध्येच सगळं ठप्प झालं तर पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता तपासा. हे जिवाणू पाण्यातली कार्बोनेट क्षारता खातात; ती संपली की पीएच साडेसहाच्या खाली घसरतो आणि त्यांचं काम मंदावतं. निम्मं पाणी बदललं की गाडी पुन्हा चालू होते. तयार झाल्यावर ७० ते ८० टक्के पाणी बदलून नायट्रेट उतरवायचं आणि दुसऱ्याच दिवशी मासे आणायचे. जिवाणूंना उपाशी ठेवलं तर मेहनत वाया जाते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते दिवसभर उघडं ठेवून उडून जातं. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते तसं जात नाही, त्याला द्रावणच लागतं. साध्या सोडियम थायोसल्फेटने त्यातलं क्लोरीन मोडतं आणि मागे अमोनिया उरतो, म्हणून तिथे अमोनियाही बांधून ठेवणारं द्रावण घ्यावं.

थवा निवडणं आणि सोडणं

१२० लिटरला १० ते १२ टायगर. दुकानात निवडताना सगळ्यात रंगीत नरांवर बोट ठेवायचा मोह होतो. त्याने टँकमध्ये नुसते पैलवान जमतात. मादी पोटाकडे गोल आणि भरलेली असते, नराचं नाक आणि परांच्या कडा जास्त लाल. माद्या निम्म्या किंवा जास्त असाव्यात. पोट आत गेलेले, पर मिटून कोपऱ्यात उभे असलेले मासे टाळावेतच, पण त्याच टँकमधले बाकीचेही घेऊ नयेत.

थोड्या वेळाच्या प्रवासातून आले असतील तर बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगत ठेवावी, मग अर्ध्या तासात चार-पाच वेळा टँकचं पाणी त्यात घालावं आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. लांबून, अनेक तास बंद पिशवीत आलेल्या माशांना मात्र हे सावकाश मिसळणं घातक ठरतं. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली आलेला असतो आणि त्यामुळे अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडून पाणी मिसळत बसलात की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी फक्त तापमान जुळवून लगेच बाहेर काढावेत. पहिले काही तास दिवा बंद, त्या दिवशी खाणं नाही.

टँकमध्ये आधी कुणीच नसेल तर पहिला थवा सरळ सोडता येतो. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक माशाला तीन-चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवायचं, बादली-जाळीसुद्धा वेगळी.

सोबती म्हणून झेब्रा डॅनियो, कोरिडोरास, कुली लोच, ब्रिसलनोज प्लेको चांगले. लांब परांचा आणि मंद कुणीही नको: बेटा, गप्पी, एंजल, गुरामी. क्लाउन लोचची शिफारस बरेच जण करतात आणि स्वभावाने जमतंही, पण तो मोठेपणी २० सेंटीमीटरच्या पुढे जातो. ९० सेंटीमीटरच्या टँकचा तो मासा नाही.

खाणं

बार्बच्या कुळातल्या माशांना जठर नसतं. घशातल्या दातांनी दळलेलं अन्न सरळ आतड्यात जातं. त्यामुळे एकदम भरपूर खाल्लेलं त्यांना झेपत नाही, आणि ते मात्र प्रत्येक वेळी उपाशी असल्याचं नाटक करतात. दिवसातून दोन-तीन वेळा, एका मिनिटात संपेल एवढंच द्यावं. रोजचं बारीक दाण्यांचं किंवा फ्लेकचं खाणं, त्यात आठवड्यातून दोन-तीनदा स्पिरुलिना, एकदा-दोनदा गोठवलेले डाफ्निया किंवा ब्लडवर्म हे बारीक पाणकिडे. सोललेला वाटाणा दोन मिनिटं उकडून चिरडून दिला तर पोट साफ राहतं. आठवड्यात एक दिवस उपास. टँकच्या दोन टोकांना एकाच वेळी खाणं टाकलं की दादा दोन्हीकडे पोहोचू शकत नाही आणि दबलेल्यांनाही मिळतं.

आठवड्याचं काम

दर आठवड्याला ३० लिटर पाणी बदलायचं, खडीत सायफन फिरवून गाळासकट. नव्या पाण्याच्या तापमानात एका अंशाहून जास्त फरक नको. नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली, जमल्यास २० च्या आत. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या टँकच्याच पाण्यात पिळायचा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि दोन दिवसांत अमोनिया डोकं वर काढतो. दिवा टायमरवर आठ तास.

बिघडतं काय आणि का

पर फाटलेले दिसले तर आधी मोजणी. सहाचे चार झाले असतील तर संख्या वाढवा. संख्या पुरेशी असूनही एकच मासा सगळ्यांना पिडत असेल तर त्याला चार-पाच दिवस वेगळं काढावं, तेवढ्यात लाकूड-दगडांची जागा बदलावी आणि मग परत सोडावं. त्याचा इलाका तोवर मोडलेला असतो. फाटलेला पर स्वच्छ पाण्यात भरून येतो. कडा पांढरट, कापसासारखी झाली तरच औषधाचा विचार.

टायगर विश्रांती घेताना डोकं खाली करून तिरके थांबतात, ते आजारी नसतात. खाण्याच्या वेळीही तसेच राहिले, किंवा पृष्ठभागाशी येऊन तोंड मारू लागले, तर लगेच अमोनिया आणि नायट्राइट तपासा. नायट्राइटने कल्ले तपकिरी पडतात. तेव्हा निम्मं पाणी बदलून १० लिटरला एक ग्रॅम साधं, आयोडीनविरहित मीठ घातलं तर मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे इक. हा परजीवी कातडीखाली असताना औषधाला दाद देत नाही. तो गळून तळाशी पडतो, तिथे फुटून शेकडो पिल्लं बाहेर येतात, आणि उपचाराने मरतात ती फक्त ही पिल्लं, पोहत असतानाच. म्हणून ठिपके गेले की उपचार थांबवणं ही सगळ्यात महागडी घाई. दिवसाला एक-दोन अंश चढवत २८-२९ अंशांपर्यंत जायचं, म्हणजे त्याचं चक्र वेगाने फिरतं. हवेचा पंप वाढवायचा. लिटरला २ ग्रॅम मीठ, म्हणजे १२० लिटरला २४० ग्रॅम, ते ८०-८० ग्रॅमच्या तीन भागांत बारा-बारा तासांनी विरघळवून घालायचं. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठ-दहा दिवस हे चालू ठेवायचं. मधल्या काळात ३० लिटर बदलले तर नव्या पाण्यात ६० ग्रॅम मीठ घालायचं. नुसतं उडून गेलेलं भरताना घालायचं नाही, कारण मीठ उडत नाही. लोच आणि कोरिडोरासना हे प्रमाण सोसेलच असं नाही, त्यांना आधी दुसरीकडे हलवावं. रोझी आणि गोल्डचं तापमान २६ च्या पुढे नेऊ नये. त्यांच्यासाठी तोच उपचार जास्त दिवस चालवावा.

अंडी

टायगर वयात आला की अंडी इकडेतिकडे विखरून टाकतो, मग स्वतःच ती खातो. पिल्लं हवी असतील तर ४० लिटरचा वेगळा टँक, २६ अंश, तळाला काचेच्या गोट्यांचा थर किंवा जाळी, वर जावा मॉस. आदल्या संध्याकाळी भरलेली मादी आणि एक नर सोडला की बहुधा दुसऱ्या सकाळी अंडी पडतात. ती झाल्याबरोबर दोघांना बाहेर काढायचं. दीड दिवसात अंडी फुटतात, पुढच्या तीन-चार दिवसांत पिल्लं पोहू लागतात. पोहू लागेपर्यंत खाणं टाकायचं नाही, ते नुसतं कुजतं. मग आठवडाभर इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव, त्यानंतर अंड्यातून नुकतीच फुटलेली ब्राइन श्रिंप ही इवली कोळंबी. टँकला मंद स्पंज फिल्टरच लावावा, कारण साध्या फिल्टरमध्ये पिल्लं ओढली जातात.